स्ट्रक्चरच्या आतलं स्ट्रक्चर: सी भाषेत इनपुट नेमकं कसं भरायचं

सी शिकायला घेतलेल्या मुलांची गाडी ठरावीक ठिकाणी अडते: पॉइंटर, स्ट्रिंग आणि स्ट्रक्चरच्या आतलं स्ट्रक्चर. स्ट्रक्चर म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका नावाखाली एकत्र ठेवायची सोय. तिसऱ्यात पहिली दोन्ही आलेलीच असतात, म्हणून तिथे सगळ्यात जास्त डोकं धरून बसावं लागतं. इंदूरमधल्या आपल्या मराठी घरांतून दरवर्षी कितीतरी मुलं इंजिनिअरिंगच्या नाहीतर बीसीएच्या पहिल्या वर्षाला जातात. घरी मराठी, शाळा हिंदी किंवा इंग्रजी, आणि हातातलं पुस्तक इंग्रजी. कॉलनीतली मुलं माझ्याकडे शंका घेऊन येतात, आणि शंका वर्षानुवर्षं त्याच असतात. त्या सगळ्या इथे क्रमाने सोडवल्या आहेत.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. गणेशोत्सवात कॉलनीच्या मंडळाची पाठांतर स्पर्धा असते. नावनोंदणीच्या कागदावर मुलाचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता असतो. जन्मतारखेत दिवस, महिना, वर्ष. पत्त्यात घर, वसाहत, पिनकोड. ही यादी आपल्याला प्रोग्राममध्ये भरून घ्यायची आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचा लेख तिच्यावरच उभा आहे. स्ट्रक्चर जसं आत-आत रचलंय, तशीच इनपुट घेणारी फंक्शनंही रचा. आणि प्रत्येक फंक्शनने आधी पूर्ण ओळ वाचावी, मगच तिचे तुकडे करावेत.

लेखातला कोड मोठ्याने वाचून दाखवावा तसा देवनागरीत दिला आहे. टाइप करताना कीवर्ड, लायब्ररी फंक्शनं आणि अंक रोमनमध्ये लिहायचे. '%डी' म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि छोटा रोमन डी. '\एन' म्हणजे उलटी तिरकी रेघ आणि छोटा एन.

काय काय लागेल

- जीसीसी कंपाइलर. लिनक्सवर सहज मिळतो. विंडोजवर कोडब्लॉक्सचं मिनजीडब्ल्यू असलेलं इंस्टॉलर घेतलं की कंपाइलर सोबतच येतो.
- साधा टेक्स्ट एडिटर.
- दोन हेडर फाइल: एसटीडीआयओ.एच आणि स्ट्रिंग.एच.
- कागद-पेन्सिल. स्ट्रक्चरची चौकट आधी कागदावर काढा.

कंपाइल करताना 'जीसीसी -वॉल -ओ यादी यादी.सी' अशी कमांड द्या. '-वॉल'मुळे कंपाइलर शंकास्पद गोष्टींची सूचना देतो. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच तो आपणहून पकडतो, पण सूचना वाचणारं कोणी पाहिजे. पिवळ्या-जांभळ्या अक्षरांत काहीतरी आलं, पण प्रोग्राम तर चालला, असं म्हणून पुढे जाऊ नका.

## १. आतलं आधी, बाहेरचं नंतर

```
स्ट्रक्ट तारीख {
    इंट दिवस, महिना, वर्ष;
};

स्ट्रक्ट पत्ता {
    चार घर[४०];
    चार वसाहत[१००];
    इंट पिन;
};

स्ट्रक्ट स्पर्धक {
    चार नाव[१५०];
    स्ट्रक्ट तारीख जन्म;
    स्ट्रक्ट पत्ता पत्ता;
};
```

कंपाइलर वरून खाली वाचत येतो. 'स्पर्धक' वाचताना त्याला 'तारीख' किती जागा घेते हे माहीत असावंच लागतं, म्हणून आतली स्ट्रक्चरं वर लिहायची. शेवटच्या महिरपी कंसानंतरचा अर्धविराम विसरला, तर चूक त्याच्या खालच्या ओळीवर दाखवली जाते आणि मुलं तिथेच शोधत बसतात. ओळ बरोबर दिसत असेल तर एक ओळ वर बघा.

नावाची जागा १५० का? कोणी नाव देवनागरीत लिहिलं तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरली जातात. 'मुक्ता सुधीर देव' हे नाव बघा. 'मुक्ता'ची सहा चिन्हं म्हणजे १८ बाइट, 'सुधीर'चे १५, 'देव'चे ९, दोन मोकळ्या जागा. एकूण ४४, आणि स्ट्रिंग संपल्याची खूण धरून ४५. तेच नाव रोमनमध्ये लिहिलं तर १६ अक्षरांत बसतं. पुस्तकातलं 'चार नाव[३०]' आपल्या माणसांच्या नावांना पुरत नाही. विंडोजच्या कन्सोलमध्ये देवनागरी इनपुट सरळपणे मिळतंच असं नाही, तेव्हा तिथे सुरुवात रोमननेच करा. जागा मात्र ऐसपैस ठेवा.

पिन 'इंट'मध्ये ठेवला आहे, कारण आजच्या कंपाइलरमध्ये इंट साधारणपणे ३२ बिटांचा असतो. काही लॅबमध्ये अजून टर्बो सी वापरतात. तिथे इंट १६ बिटांचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७. सुदामा नगरचा ४५२००९ त्यात मावत नाही आणि छापताना -६७४३ अशी भलतीच संख्या दिसू शकते. अशा ठिकाणी 'लाँग' आणि '%एलडी' वापरा.

## २. टिंब, बाण आणि अँपरसँड

'स्ट्रक्ट स्पर्धक स;' असं व्हेरिएबल असेल तर जन्मवर्षापर्यंत टिंबाटिंबाने जायचं: 'स.जन्म.वर्ष'. इनपुट वाचणाऱ्या स्कॅनएफला व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता लागतो म्हणून पुढे अँपरसँड: '&स.जन्म.वर्ष'. इथे कंस लागत नाही, कारण टिंब आधी लागू होतं आणि अँपरसँड नंतर. नाव आणि वसाहत हे अ‍ॅरे आहेत, त्यांचं नाव हाच पहिल्या अक्षराचा पत्ता, म्हणून स्कॅनएफला देताना त्यांच्यापुढे अँपरसँड नको.

हातात पॉइंटर असेल, 'स्ट्रक्ट स्पर्धक *स', तर पहिली उडी बाणाने आणि पुढच्या टिंबाने: 'स->जन्म.वर्ष'. 'स->जन्म->वर्ष' असं लिहिलं तर कंपाइलर अडवतो. कारण 'स' पॉइंटर आहे, पण 'जन्म' पॉइंटर नाही. तो स्पर्धकाच्या आत सबंध बसलेला आहे. प्रत्येक पायरीवर स्वतःला एवढंच विचारा: माझ्या डाव्या हाताला जे आहे, ते पॉइंटर आहे की खुद्द वस्तू? पॉइंटर असेल तर बाण, वस्तू असेल तर टिंब. व्हायवामध्ये हा प्रश्न हमखास येतो.

## ३. स्कॅनएफ का फसवतं

बहुतेक मुलं पहिला प्रयत्न असा करतात:

```
स्कॅनएफ("%एस", स.नाव);
स्कॅनएफ("%एस", स.पत्ता.वसाहत);
स्कॅनएफ("%डी", &स.पत्ता.पिन);
```

आता कीबोर्डवरून 'मुक्ता सुधीर देव' लिहून एंटर दाबलं की काय होतं ते सावकाश बघा. '%एस' मोकळी जागा आली की थांबतं. नावात 'मुक्ता' गेलं. 'सुधीर देव' अजून बफरमध्ये, म्हणजे टाइप केलेलं पण न वाचलेलं इनपुट साठतं त्या जागेत, पडून आहे. दुसरं स्कॅनएफ वापरणाऱ्याची वाटच बघत नाही; 'सुधीर' उचलतं आणि वसाहतीत टाकतं. तिसऱ्याला अंक हवा आहे, समोर 'देव' आहे. ते काहीच न वाचता शून्य परत करतं, आणि पिनमध्ये आधीपासून जो कचरा होता तोच राहतो. मुक्ता आता सुधीर नावाच्या वसाहतीत राहते.

हे कोणा एकाच्या बाबतीत नाही, आपल्यातल्या प्रत्येकाच्या बाबतीत घडणार. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिहेरी लिहितो, आणि राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, साउथ तुकोगंज ही सगळी दोन शब्दी नावं आहेत.

हेच लूपमध्ये असेल तर प्रकरण आणखी बिघडतं. 'देव' बफरमधून कोणी काढत नाही, त्यामुळे बरोबर अंक येईपर्यंत विचारणारा लूप तोच शब्द पुन्हा पुन्हा बघत राहतो. स्क्रीनवर ओळींचा धबधबा सुरू होतो आणि कंट्रोल-सी दाबण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरा सापळा याच्या उलट आहे. आधी '%डी'ने अंक वाचला आणि लगेच पूर्ण ओळ वाचणाऱ्या एफगेट्सने नाव वाचायला गेलात, तर नाव रिकामं येतं. अंकानंतर दाबलेला एंटर बफरमध्ये शिल्लक असतो आणि एफगेट्सला तीच रिकामी ओळ वाटते.

यावर 'एफफ्लश(एसटीडीइन)' लिहा असा सल्ला सीनियर्सच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो घेऊ नका. सी भाषेच्या मानकात एफफ्लश आउटपुटसाठी आहे. एसटीडीइनसारख्या इनपुटवर ते चालवलं तर काय व्हावं हे मानक सांगतच नाही. विंडोजवर काही ठिकाणी चालतं, लिनक्सवर त्यावर विसंबता येत नाही. आणि 'गेट्स' तर अजिबात नको. जागा किती आहे हे त्याला सांगायची सोयच नाही, म्हणून २०११ च्या मानकातून ते काढूनच टाकलं.

## ४. एक ओळ वाचणारं फंक्शन

हे एकदा नीट लिहा आणि पुढे सगळीकडे वापरा.

```
इंट ओळ_वाचा(चार *जागा, इंट माप)
{
    इंट लांबी, क;
    इफ (एफगेट्स(जागा, माप, एसटीडीइन) == नल)
        रिटर्न ०;
    लांबी = स्ट्रलेन(जागा);
    इफ (लांबी > ० && जागा[लांबी - १] == '\एन')
        जागा[लांबी - १] = '\०';
    एल्स
        व्हाइल ((क = गेटचार()) != '\एन' && क != ईओएफ)
            ;
    रिटर्न १;
}
```

एफगेट्स ओळीच्या शेवटचा '\एन'सुद्धा आत घेतं. तो काढला नाही तर नाव छापताना उगाच नवी ओळ पडते आणि स्ट्रसीएमपीने तुलना केली की दोन सारखी नावं वेगळी निघतात.

'एल्स'चा भाग बऱ्याच पुस्तकांत नसतो, पण तोच महत्त्वाचा आहे. ओळ मापापेक्षा लांब असली की एफगेट्स मावेल तेवढं घेतं आणि उरलेलं बफरमध्ये सोडतं. ते उरलेलं पुढच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जातं. म्हणजे मघाचीच गडबड पुन्हा. म्हणून '\एन' सापडला नाही, तर ओळ संपेपर्यंत सगळं वाचून टाकून द्यायचं. 'क' हा चार नसून इंट आहे, कारण ईओएफ ही इनपुट संपल्याची खूण, कुठल्याही अक्षरापेक्षा वेगळी किंमत आहे आणि ती चारमध्ये ओळखू येईलच याची खात्री नाही.

माप वेगळं का द्यायचं, किती बाइट ते सांगणारं 'साइझऑफ जागा' आत का नको? कारण फंक्शनच्या आत 'जागा' हा नुसता पॉइंटर आहे. ६४-बिट मशीनवर त्याचा साइझऑफ ८ येतो, मग अ‍ॅरे शंभरचा असो की हजारचा.

## ५. आतल्या प्रत्येक स्ट्रक्चरला त्याचं स्वतःचं फंक्शन

तारखेपासून सुरू करू.

```
इंट तारीख_वाचा(स्ट्रक्ट तारीख *ता)
{
    चार ओळ[१००], जास्त;
    फॉर (;;) {
        प्रिंटएफ("जन्मतारीख: ");
        इफ (!ओळ_वाचा(ओळ, साइझऑफ ओळ))
            रिटर्न ०;
        इफ (एसस्कॅनएफ(ओळ, "%डी -%डी -%डी %सी",
              &ता->दिवस, &ता->महिना, &ता->वर्ष, &जास्त) == ३
            && तारीख_बरोबर(ता))
            रिटर्न १;
        प्रिंटएफ("१५-८-२०१२ अशी लिहा.\एन");
    }
}
```

एसस्कॅनएफ स्कॅनएफसारखंच आहे, फक्त कीबोर्डऐवजी आपण दिलेल्या स्ट्रिंगमधून वाचतं. ओळ चुकीची निघाली तर ती सोडून नवी मागायची; बफरमध्ये काहीही अडकून राहत नाही.

परत येणारी संख्या नेमकी ३ असावी असं का म्हटलंय? कोणी '१५/८/२०१२' लिहिलं तर पहिल्या तिरक्या रेघेपाशी वाचन थांबतं आणि १ परत येतो. '१५-८-२०१२बुधवार' लिहिलं तर तीन अंक मिळतात, पण शेवटचा '%सी' पुढचं अक्षर पकडतो आणि ४ परत येतो. दोन्ही वेळा आपण पुन्हा विचारतो. '%डी'च्या जागी '%आय' मात्र लिहू नका. शून्याने सुरू होणारी संख्या ते अष्टमान पद्धतीत वाचतं. अष्टमानात ८ हा अंकच नाही, त्यामुळे ऑगस्टचं '०८' लिहिलं की महिना शून्य होतो.

'तारीख_बरोबर' तुम्ही स्वतः लिहा. सराव चांगला होतो. महिना १ ते १२, दिवस त्या त्या महिन्याच्या हिशेबाने, आणि फेब्रुवारीसाठी लीप वर्ष: ४ ने भाग जाणारं, पण १०० ने जात असेल तर ४०० नेही जायला हवं. २००० लीप होतं, २१०० नसेल. महिना १ ते १२ आहे हे आधी तपासा आणि मगच दिवसांच्या अ‍ॅरेत हात घाला. '१५--८-२०१२' असं दोनदा वजा दाबलं गेलं तर महिना उणे ८ येतो, आणि त्या क्रमांकाचा घटक मागणं म्हणजे अ‍ॅरेच्या बाहेर जाणं.

पत्त्याचं फंक्शन याच चालीवर:

```
इंट पत्ता_वाचा(स्ट्रक्ट पत्ता *प)
{
    चार ओळ[१००], जास्त;
    प्रिंटएफ("घर: ");
    इफ (!ओळ_वाचा(प->घर, साइझऑफ प->घर)) रिटर्न ०;
    प्रिंटएफ("वसाहत: ");
    इफ (!ओळ_वाचा(प->वसाहत, साइझऑफ प->वसाहत)) रिटर्न ०;
    फॉर (;;) {
        प्रिंटएफ("पिनकोड: ");
        इफ (!ओळ_वाचा(ओळ, साइझऑफ ओळ)) रिटर्न ०;
        इफ (स्ट्रलेन(ओळ) == ६
            && एसस्कॅनएफ(ओळ, "%डी %सी", &प->पिन, &जास्त) == १
            && प->पिन >= १०००००)
            रिटर्न १;
        प्रिंटएफ("सहा अंकी पिन लिहा.\एन");
    }
}
```

इथे 'साइझऑफ प->वसाहत' चालतं, कारण 'वसाहत' स्ट्रक्चरच्या आत खराखुरा अ‍ॅरे आहे. पिन ४५२ नेच सुरू व्हावा अशी अट घालायचा मोह होतो. घालू नका. महूचा पिन ४५३४४१ आहे, देवासचा ४५५००१, आणि सुट्टीत आजोळी आलेलं पुण्याचं पोर ४११ चा पिन घेऊन येईल. गणपतीच्या स्पर्धेत त्याला परत पाठवायचं नाही.

## ६. आता बाहेरचं स्ट्रक्चर

```
इंट स्पर्धक_वाचा(स्ट्रक्ट स्पर्धक *स)
{
    प्रिंटएफ("नाव, संपवायचं असेल तर नुसतं एंटर: ");
    इफ (!ओळ_वाचा(स->नाव, साइझऑफ स->नाव) || स->नाव[०] == '\०')
        रिटर्न ०;
    रिटर्न तारीख_वाचा(&स->जन्म) && पत्ता_वाचा(&स->पत्ता);
}
```

शेवटची ओळ मला फार आवडते. '&स->जन्म' म्हणजे या स्पर्धकाच्या आत बसलेल्या तारखेचा पत्ता. तारीख वाचणाऱ्या फंक्शनला ती कोणाच्या आत आहे याच्याशी देणंघेणं नाही. उद्या परीक्षकाची नेमणूक-तारीख हवी झाली, तर हेच फंक्शन जसंच्या तसं कामी येतं. स्ट्रक्चरची चौकट आणि फंक्शनची चौकट शेजारी ठेवून बघा, दोन्ही सारखी दिसतील. म्हणूनच कागदावर आधी चित्र काढायला सांगितलं.

पॉइंटरऐवजी नुसतं 'स्ट्रक्ट स्पर्धक स' घेतलं तर फंक्शनला पूर्ण नक्कल मिळते. इनपुट त्या नकलेत भरलं जातं आणि फंक्शन संपताच नाहीसं होतं; मेनमध्ये काहीच पोचत नाही. कंपाइलर यावर चकार शब्द काढत नाही, म्हणून हे आपणच लक्षात ठेवायचं.

## ७. पूर्ण यादी

```
इंट मेन(व्हॉइड)
{
    स्ट्रक्ट स्पर्धक यादी[५०];
    इंट किती = ०;
    व्हाइल (किती < ५० && स्पर्धक_वाचा(&यादी[किती]))
        किती++;
    ...
}
```

अट लिहिताना क्रम हाच ठेवा. आधी जागा शिल्लक आहे का ते बघायचं, मग वाचायचं. उलटं लिहिलं तर ५१ वा स्पर्धक अ‍ॅरेच्या बाहेर लिहिला जातो. छापताना 'यादी[०].पत्ता.वसाहत' असं सरळ जाता येतं.

वयोगटानुसार यादी लावताना दोन स्पर्धकांची अदलाबदल '=' ने होते; आतली तारीख, पत्ता, अ‍ॅरेसकट सगळं नकललं जातं. पण '==' ने दोन स्ट्रक्चरची तुलना होत नाही, ती मेंबरगणिक करावी लागते. आणि नुसत्या स्ट्रिंगला '=' चालत नाही, तिथे स्ट्रसीपीवाय.

## ८. तपासून बघा

दर वेळी हाताने टाइप करू नका. एका टेक्स्ट फाइलमध्ये उत्तरं ओळीने लिहा आणि प्रोग्रामला '<' चिन्हाने ती फाइल द्या. त्या फाइलमध्ये मुद्दाम वाकडी उत्तरं असू द्या: तिहेरी नाव, ३०-२-२०१२, पाच अंकी पिन, पिनच्या जागी वसाहतीचं नाव, दोनशे अक्षरांची ओळ, आणि मध्येच संपलेली फाइल. शेवटच्या प्रकारात प्रोग्रामने गुपचूप थांबायला हवं. अडकला तर कुठल्या तरी फंक्शनमध्ये 'ओळ_वाचा'चं उत्तर तपासायचं राहिलंय.

## ९. पालकांचा फोन जोडायचा असेल तर

चौकट तीच: 'स्ट्रक्ट पालक', आत नाव आणि फोन, आणि 'पालक_वाचा' नावाचं फंक्शन. दोन गोष्टी मात्र सांभाळा. फोन इंटमध्ये ठेवू नका. ३२-बिट इंटची कमाल २१४७४८३६४७ आहे आणि ९ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर तिच्या पलीकडे जातो. 'चार फोन[११]' घ्या. आणि 'चार *फोन' असं लिहून त्यात थेट वाचायला जाऊ नका. त्या पॉइंटरला जागाच दिलेली नसते आणि प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन कोसळतो.

फोन वाचतानाही आधी मोठ्या 'ओळ'मध्येच घ्या. थेट अकरा बाइटांच्या जागेत घेतलात तर चुकून अकरा अंक दाबले गेलेला नंबर शेवटचा अंक गाळून बिनबोभाट दहा अंकी होतो आणि चूक कळतच नाही. ओळीची लांबी १० आहे, प्रत्येक अक्षर अंकच आहे, हे पाहून मगच स्ट्रसीपीवायने 'फोन'मध्ये उतरवा.